मॅच रविवारी, ताप बुधवारी: टीमसाठी टेस्ट आणि क्वारंटाइनचे दिवस कसे मोजायचे

बुधवारी रात्री साडेदहाला फोन येतो. "ताई, हिला ताप आलाय, पण घरी कोविडची टेस्ट केली, निगेटिव्ह आहे, रविवारी खेळेल ना?" जुलै ते जानेवारी हा फोन किती वेळा येतो ते मी मोजणं सोडलंय. कळव्यात आमचा मुलींचा कबड्डी संघ आहे, ज्युनिअर सीनिअर मिळून २२ पोरी, मॅटवरचं सगळं कोच सर बघतात आणि बाकीचं म्हणजे जन्मदाखले, आधारच्या झेरॉक्स, टेम्पो, पाण्याचे कॅन, आईवडिलांचे फोन, कोण आजारी कोण बरी, हे माझ्याकडे. मी डॉक्टर नाही. पण २०२० पासून हे दिवस मोजायचं काम इतकं केलंय आणि त्यात एकदा इतकी मोठी चूक केलीये की आता दुसऱ्या कुठल्या संघाने ती करू नये म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय. कबड्डीचं सांगतेय पण क्रिकेट, फुटबॉल, खोखो कोणालाही चालेल.

आधी ती चूकच सांगते. जुलै महिना, नेरुळला रविवारी स्पर्धा. आमच्या एका डिफेंडरला गुरुवारी रात्री ताप आला, शुक्रवारी सकाळी घरच्या किटवर टेस्ट केली, निगेटिव्ह. शनिवारी ताप नाही. मला विचारलं, मी हो म्हटलं. रविवारी सकाळी बारा पोरी, सर आणि मी एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये, बाहेर धो धो पाऊस म्हणून काचा बंद, एसी चालू, आणि विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं त्यामुळे तिथेच तासभर अडकलो. ती पोरगी शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, मधेमधे खोकत होती, आणि मला वाटलं एसीचा गारवा असेल. मंगळवार-बुधवारपर्यंत सहा जणी झोपल्या. तिघींनी टेस्ट केली, तिघी पॉझिटिव्ह. एकीच्या आजीला ॲडमिट करावं लागलं, आठ दिवस होत्या त्या हॉस्पिटलमध्ये, घरी आल्या सुखरूप, पण त्या आठ दिवसात मी त्या घरी कुठल्या तोंडाने फोन करत होते ते मलाच माहीत.

त्या पोरीची शुक्रवारची टेस्ट खोटी नव्हती. लवकर केलेली होती. ताप आल्यावर बारा तासांत बऱ्याचदा नाकात व्हायरस इतका नसतो की घरच्या अँटीजन किटला दिसेल, आणि ज्यांची लस झालीये किंवा आधी एकदा कोविड होऊन गेलाय त्यांना तर अनेकदा लक्षणं आधी येतात आणि किटवरची रेष एकदोन दिवसांनी येते. म्हणून लक्षणं असतील तर एक निगेटिव्ह धरायची नाही, ४८ तासांनी दुसरी करायची आणि दोन्ही निगेटिव्ह आल्या तरच त्या किटवर विश्वास ठेवायचा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि किटना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२२ च्या शेवटी हेच सांगितलं, लक्षणं असणाऱ्याला ४८ तासांच्या अंतराने दोन टेस्ट, लक्षणं नसणाऱ्याला तीन. आपल्याकडे आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, तर आधीपासून म्हटलेलं की लक्षणं आहेत आणि रॅपिड म्हणजे अँटीजन टेस्ट निगेटिव्ह आली तर लॅबमधली आरटीपीसीआर करा. म्हणजे मला फक्त एवढंच करायचं होतं, रविवारी सकाळी सहाला टेम्पो निघायच्या आधी तिची दुसरी टेस्ट. १५ मिनिटांचं काम होतं.

आता दिवस मोजणं. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ज्या दिवशी पहिलं लक्षण आलं, ताप असो घसा असो नाहीतर अंगदुखी, तो दिवस शून्य. दुसरा दिवस एक. लक्षणं काहीच नाहीत पण टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ज्या दिवशी नाकातून स्वॅब घेतला तो शून्य, रिपोर्ट आला तो दिवस नाही. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला दीडदोन दिवस लागतात आणि लोक रिपोर्टच्या तारखेपासून मोजतात, मग पोरगी उगाच दोन दिवस जास्त घरी बसते. उलटंही होतं, सोमवारी लक्षणांशिवाय पॉझिटिव्ह आली आणि बुधवारी ताप चढला, तर मोजणी बुधवारपासून नव्याने.

बुधवारी संध्याकाळी ताप आलाय असं धरू. बुधवार शून्य, गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन, रविवार चार. चौथ्या दिवशी मॅच. नाही खेळायचं, विषय संपला. पुढचा बुधवार सात. त्याच्या पुढचा रविवार अकरा, तोवर ती हळूहळू सरावात परतत असते, मॅच त्यानंतर, बाकी सगळं ठीक असेल तर. हे मी बोटावर मोजत नाही, किराणा दुकानात फुकट मिळतं ते महिन्याचं मोठं कॅलेंडर भिंतीला लावलंय, त्यावर पेन्सिलीने शून्य काढते आणि पुढे आकडे टाकत जाते, आईवडील भांडायला आले की फोटो काढून पाठवते.

इथे दोन शब्द वेगळे करून घ्या, कारण आपण सगळ्यालाच क्वारंटाइन म्हणतो. जी आजारी आहे किंवा पॉझिटिव्ह आहे तिचं आयसोलेशन, सरकारी भाषेत विलगीकरण. जी बरी आहे पण आजारी मुलीच्या संपर्कात आलीये तिचं क्वारंटाइन, म्हणजे अलगीकरण. दोघींचा शून्य दिवस वेगळा. आजारी मुलीचा शून्य लक्षणाचा दिवस, संपर्कातल्या मुलीचा शून्य शेवटचा संपर्क झाला तो दिवस. आणि संपर्क मोजताना मागे जायचं असतं हे लोक विसरतात. कोविडचा माणूस लक्षणं यायच्या एकदोन दिवस आधीपासून दुसऱ्याला देऊ शकतो, फ्लूचा साधारण एक दिवस आधीपासून. म्हणजे बुधवारी ताप आलेली पोरगी मंगळवारच्या प्रॅक्टिसला आली असेल, तर मंगळवारची अख्खी बॅच संपर्कात.

संपर्क म्हणजे किती जवळ, तर कोविडसाठी सहा फुटांच्या आत दिवसभरात मिळून १५ मिनिटं असा हिशोब सगळीकडे वापरला गेला. क्रिकेटवाले यावर वाद घालू शकतात, लाँग ऑनला उभा होता वगैरे. कबड्डीत वादच नाही. रेडर तोंडाने सतत कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्यांच्या तोंडासमोर जाते, डिफेन्सवाल्या घामाने ओल्या हातांची साखळी धरतात, पकड झाली की पाचसहा जणी एकावर एक. आमच्याकडे एका प्रॅक्टिसला आलेली प्रत्येकजण संपर्कात, पाच मिनिटं आली असली तरी. कॅरम आणि बुद्धिबळवाल्यांनी खोली बघावी, बंद एसी खोलीत तीन तास समोरासमोर बसणं मैदानावर पळण्यापेक्षा वाईट.

मग संपर्कातल्या पोरींची टेस्ट कधी? लगेच नाही. सगळे लगेच करतात, घाबरून, बुधवारी रात्री बातमी कळली की गुरुवारी सकाळी बारा जणींची टेस्ट, सगळ्या निगेटिव्ह, सगळे खूश, आणि ती बारा किट पाण्यात. कोविडचा व्हायरस शरीरात शिरल्यापासून लक्षणं यायला दोन ते चौदा दिवस लागू शकतात, सुरुवातीच्या व्हायरसला सरासरी पाचेक दिवस लागायचे, ओमायक्रॉनपासून ते साधारण तीनवर आलं. मंगळवारी लागण झाली असेल तर गुरुवारी सकाळी टेस्टला काय सापडणार. आम्ही असं करतो, मंगळवार शून्य, तर पहिली टेस्ट शुक्रवारी सकाळी, म्हणजे तिसऱ्या दिवशी. दुसरी रविवारी सकाळी निघायच्या आधी, ४८ तासांनी, पाचवा दिवस. तिसरी मंगळवारी प्रॅक्टिसच्या आधी. शुक्र-रवि-मंगळ असं पोरींना पाठ झालंय. किट कमी असतील, पैसे कमी असतील आणि एकच टेस्ट परवडत असेल, तर ती पाचव्या दिवशीची करा, पहिल्या दिवशीची नको. आणि या मधल्या दिवसात प्रॅक्टिस एकत्र नाही, प्रत्येकीने घरी किंवा गच्चीवर एकटीने फिटनेस करायचा, स्क्वॉट, दोरीच्या उड्या, जे सर सांगतील ते. मास्क लावून कॉलेजला जा, लोकलच्या गर्दीतही मास्क.

किट वापरताना पोरी काय करतात ते मी डोळ्यासमोर बघितलंय म्हणून लिहिते. पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ आलं मे २०२१ मध्ये, घरच्या घरी करायचं पहिलं किट आपल्याकडचं, तेव्हापासून पद्धत साधारण सगळ्या किटची तीच आहे पण प्रत्येकाने आपल्या पाकिटावरचं वाचा. स्वॅबची काडी नाकपुडीत दोनचार सेंटिमीटर आत, पाच वेळा गोल फिरवायची, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. आमच्या पोरी काडी नाकाच्या दाराशी टेकवतात आणि ई ई करून काढतात, त्या टेस्टला काही अर्थ नाही. आधी नाक शिंकरून घ्या, हात धुवा. काडी नळीत बुडवायची, फिरवायची, नळी बोटांनी दाबायची म्हणजे काडीवरचं सगळं द्रवात उतरतं. मग कार्डवर दोन थेंब. दोन म्हणजे दोन, अख्खी नळी ओतायची नाही. मोबाइलवर १५ मिनिटांचा टायमर लावायचा आणि कार्ड सपाट ठेवायचं, पंख्याखाली नको. सी ची रेष आलीच पाहिजे, ती नसेल तर टेस्ट फुकट गेली, दुसरी करा. टी ची रेष कितीही फिकट असो, नखाच्या आतल्या गुलाबीसारखी, ती पॉझिटिव्हच. "ताई बघा ना, अगदीच पुसट आहे" असं म्हणून चालत नाही. आणि २० मिनिटांनंतर कार्डवर काही दिसलं तर ते धरायचं नाही, ना इकडे ना तिकडे, म्हणून पंधराव्या मिनिटाला फोटो काढून मला पाठवायचा नियम आहे, फोटोत वेळ दिसते. किट स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात डिकी तापते आणि किटला तीसच्या वर तापमान चालत नाही. एक्स्पायरी बघूनच घ्या, मेडिकलमध्ये जुना माल पडलेला असतो.

आरटीपीसीआर कधी? लक्षणं जोरात आहेत आणि किट निगेटिव्ह दाखवतंय तेव्हा, आणि खात्री हवी असेल तेव्हा. परत खेळायची परवानगी द्यायला आरटीपीसीआर मागू नका, हे आयोजकांना हात जोडून सांगते. एका स्पर्धेत आयोजकांनी ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर मागितला आणि आमची एक पोरगी तीन आठवड्यांपूर्वी बरी झालेली, ठणठणीत, तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तिला गेटवर थांबवलं. ती टेस्ट व्हायरसचे मेलेले तुकडेसुद्धा पकडते, काही जणांत आठवडेच्या आठवडे. नुकतं कोविड होऊन गेलेल्याला ९० दिवसांत लक्षणं नसताना ती करूच नये असं त्यामुळेच सांगतात. बरी झाली की नाही बघायचं असेल तर अँटीजन किट जास्त कामाचं, व्हायरस भरपूर असेल तेव्हाच ते रेष दाखवतं. त्या पोरीची बॅग गेटवर माझ्याकडे होती, ती अख्खा दिवस बाहेरच्या पायरीवर बसून आतल्या शिट्ट्या ऐकत होती.

पॉझिटिव्ह आलेलीने किती दिवस घरी बसायचं, याचं उत्तर दर वर्षी बदलत गेलंय त्यामुळे लोक वैतागतात. आपल्या केंद्र सरकारचा जानेवारी २०२२ चा नियम होता, टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि त्यातले शेवटचे सलग तीन दिवस ताप नको. अमेरिकेने आधी दहा, मग डिसेंबर २०२१ ला पाच, आणि मार्च २०२४ ला आकडाच काढला, औषध न घेता २४ तास ताप नाही आणि तब्येत सुधारतेय तर बाहेर पडा, पण पुढचे पाच दिवस मास्क वगैरे काळजी घ्या. हे ऑफिसला जाणाऱ्यांसाठी ठीक आहे. मास्क लावून कबड्डी खेळता येत नाही. म्हणून आमच्या संघाने जुनाच सात दिवसांचा नियम धरून ठेवलाय, आणि सातव्या दिवशी अँटीजन किट निगेटिव्ह आलं तरच मॅटवर. पॉझिटिव्ह आलं तर अजून दोन दिवस थांबून परत. तुमच्या संघाने पाच धरले तरी मी भांडणार नाही, पण जे धराल ते सीझन सुरू व्हायच्या आधी लिहून सगळ्या पालकांना द्या, कारण फायनलच्या आदल्या रात्री नियम ठरवायला बसलं की बेस्ट रेडरचा नियम वेगळा आणि राखीव खेळाडूचा वेगळा होतो, हे होतंच.

आणि "ताप नाही" म्हणजे पॅरासिटामॉलशिवाय ताप नाही. डोलो घेऊन थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवेलच की. मी विचारते, शेवटची गोळी कधी घेतली, तारीख आणि वेळ, आणि बिनतापाचे दिवस तिथून मोजते.

फ्लूचं गणित थोडं लहान आहे. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं, बहुतेकांना दोन दिवसांत, आणि लक्षणं आल्यापासून पाच ते सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. आम्ही फ्लूला पाच दिवस धरतो, अधिक गोळी न घेता २४ तास ताप नको. टेस्ट नाही केली आणि काय आहे तेच माहीत नाही तर कोविड समजूनच मोजतो.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काय झालं होतं ते आठवतंय का? जानेवारी २०२२, महिलांचा एएफसी एशियन कप, म्हणजे फुटबॉलची आशियाई स्पर्धा, यजमान आपण. २० तारखेला आपल्या मुली इराणशी ०-० खेळल्या, २३ ला चायनीज तैपेईशी मॅच होती. संघातल्या १२ जणी पॉझिटिव्ह निघाल्या, मॅचसाठी किमान १३ खेळाडूंची नावं देणं गरजेचं होतं, तेवढ्या उरल्याच नाहीत. मॅच रद्द, भारत स्पर्धेतून बाद, झालेली मॅचसुद्धा हिशोबात धरली नाही. ही स्पर्धा २०२३ च्या वर्ल्ड कपची पात्रता होती. बायो-बबल म्हणजे बाहेरच्यांशी संपर्कच नाही अशी सोय, रोजचे नियम, मोठमोठे डॉक्टर सगळं असताना हे झालं, आणि आपल्या घरापासून पाऊण तासावर झालं. आमच्या पोरींना ती स्पर्धा बघायला न्यायचं ठरत होतं, प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. त्याच्या आधी आयपीएलचंही बघा, ४ मे २०२१ ला मधेच थांबवली, उरलेली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यूएईत खेळवली. पैसा कमी नव्हता तिथे.

मी त्यातून एक गोष्ट उचलली ती अशी, की सगळ्या पोरी एकत्र संपर्कात येऊ द्यायच्या नाहीत. कबड्डीत बाराचा संघ, सात आत. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोन ग्रुप करतो, प्रत्येक ग्रुपमध्ये दोन रेडर, आणि बचावातल्या दोन कॉर्नर, दोन कव्हर, प्रॅक्टिसच्या वेळा वेगळ्या, जाताना दोन रिक्षा-टॅक्सी किंवा अर्ध्या जणी ट्रान्सहार्बर लोकलने आणि अर्ध्या टेम्पोने. एक ग्रुप पूर्ण बसला तरी दुसऱ्यात राखीव धरून संघ उभा राहतो. सरांना हे आवडत नाही, कॉम्बिनेशन जमत नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, म्हणून फक्त शेवटचे चार दिवस, त्याआधी सगळे एकत्र. बाहेरगावी हॉलवर मुक्काम असेल तर झोपायच्या खोल्याही ग्रुपप्रमाणेच. टेम्पोच्या काचा चार बोटं उघड्या, पाऊस असला तरी. भिजू देत बाह्या. पाण्याच्या बाटलीवर नाव, आणि एका टॉवेलने तोंड पुसणं बंद.

आता बाकीचे व्हायरस, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात सगळंच कोविड नसतं. डेंग्यूबद्दल नीट वाचा. डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही, डासाने पसरतो, त्यामुळे संघाला क्वारंटाइन करायचं काही कारण नाही, पण त्या पोरीला मात्र खेळवायचं नाही, आणि इथे "ताप गेला की खेळ" हा नियम उलटा पडतो. डेंग्यूमध्ये ताप उतरायच्या सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, धोका सुरू होतो, प्लेटलेट पडतात, रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी कोणी अंगावर पडलं तर? टेस्टचंही वेळेवर आहे, एनएस-वन पहिल्या पाच दिवसांत करायची, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर, उलट केलं तर निगेटिव्ह येतं आणि लोक निर्धास्त होतात. ताप आहे आणि कशाचा ते माहीत नाही तोपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नाही, त्याने रक्तस्राव वाढतो. हे खेळाडूंना मुद्दाम सांगायला लागतं कारण प्रत्येकीच्या किटबॅगेत गुडघ्यासाठी कॉम्बिफ्लाम असतेच, आणि त्यात आयबुप्रोफेन असतं. डॉक्टरांनी प्लेटलेट बघून लेखी दिल्याशिवाय आम्ही मॅटवर घेत नाही.

कांजिण्या आल्या तर कॅलेंडरचं पानच उलटावं लागतं. पुरळ यायच्या एकदोन दिवस आधीपासून लागते आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत लागत राहते. ज्या पोरींना आधी झाल्या नाहीत आणि लसही नाही त्यांना संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत कधीही येऊ शकतात, म्हणजे पहिला आठवडा त्या ठीक दिसणार, आणि आपण सुटलो असं वाटणार. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस घेतली तर बऱ्याचदा टळते किंवा हलकी येते, म्हणून आम्ही ॲडमिशन फॉर्मवरच विचारतो, कांजिण्या झाल्या होत्या का. बऱ्याच जणींना माहीत नसतं, आईला विचारून ये म्हणते. गोवर पुरळाच्या चार दिवस आधी ते चार दिवस नंतर दुसऱ्याला लागू शकतो, गालगुंडं सूज आल्यापासून पाच दिवस घरी. डोळे आले तर लाली आणि पाणी थांबेपर्यंत, टॉवेल वेगळा. उलट्या-जुलाब थांबल्यावर अजून ४८ तास, आणि तिथे सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणपाण्याने हात धुवा. अंगावर पाण्याचे बारीक फोड एका जागी गुच्छाने आले असतील तर मॅटवर अजिबात नाही, ते नागीण किंवा हर्पिस असू शकतं, घासून दुसरीला जातं, डॉक्टरला दाखवून ये.

दिवस पूर्ण झाले म्हणजे लगेच मॅच नाही. व्हायरसने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, क्वचित येते, पण तरुण खेळाडूला त्यात जोर लावून पळवलं तर जिवावर बेतू शकतं, आणि डॉक्टरांनी तसं निदान केलं तर तीन ते सहा महिने खेळ बंद असतो. म्हणून ताप अंगात असताना घाम गाळून ताप काढायचा हा जुना प्रकार आमच्याकडे बंद केलाय. परतताना पहिले दोन दिवस फक्त चालणं आणि हलकं जॉगिंग, मग एक दिवस फूटवर्क आणि एकटीची रेड प्रॅक्टिस, मग एक दिवस हलकी पकड, मग पूर्ण प्रॅक्टिस, आणि त्यानंतर मॅच. यात कुठेही छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली, किंवा नेहमी तीन रेड मारणारी एका रेडमध्ये दमली, तर तिथेच थांबवून डॉक्टर आणि ईसीजी. कबड्डीत दम हाच खेळ आहे, तो परत आलाय का ते कान लावून ऐका, कबड्डी कबड्डी मधेच तुटत असेल तर ती अजून तयार नाही.

आता मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते. पोरी लपवतात. जिल्ह्याची निवड चाचणी असते, वर्षातून एकदाच, ताप सांगितला तर जागा जाणार, मग ती गोळी खाऊन येते. तिला रागावून काही होत नाही. आम्ही लेखी नियम केलाय की आजार सांगितल्यामुळे संघातली जागा जाणार नाही, आजारी असताना दुसरी खेळली तरी बरी होऊन आल्यावर हिला आधी संधी. सरांनी तो तीन वेळा पाळून दाखवला तेव्हा कुठे पोरींचा विश्वास बसला. निवड समितीवाल्यांनी आणि आयोजकांनीही आजारी मुलीला दुसरी तारीख द्यायचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, दोन तासांची दुसरी चाचणी घेतली तर कोणाचं काही जात नाही.

माझी वही साधी आहे, शंभर पानी. नाव, शून्य दिवस, लक्षण काय, शेवटची गोळी कधी, टेस्ट कोणती आणि कुठल्या दिवशीची, घरात म्हातारं माणूस किंवा बाळ आहे का, आणि परत कधी. "टेस्ट निगेटिव्ह" एवढंच मी लिहून घेत नाही, कितव्या दिवसाची निगेटिव्ह ते लिहिते.

मागच्या डिसेंबरला स्पर्धेच्या सकाळी पावणेसहाला फोन वाजला. तीच डिफेंडर, जी त्या टेम्पोत झोपली होती. "ताई, दोन रेषा आल्यात. फोटो पाठवलाय. नीपॅड आईकडे देते, जी माझ्या जागी खेळेल तिला द्या, तिचे फाटलेत." घसा कधीपासून दुखतोय विचारलं, तर काल रात्री जेवल्यावर म्हणाली. शेवटचं एकत्र कधी होतीस? गुरुवारी, सकाळच्या ग्रुपबरोबर. मी वहीत तिच्या नावापुढे शनिवार शून्य लिहिलं, सकाळच्या ग्रुपच्या पाच पोरींना निघायच्या आधी टेस्ट करायला सांगितली, आणि खाली जाऊन तिच्या आईकडून नीपॅड घेतले.